जीप, चार लिंबं आणि मी

आमच्या घरात गाडी चालवण्याचा अनुभव फक्त मला आहे, असं माझं पंचवीस वर्षं ठाम मत होतं. (अनुभव स्कूटरचा होता, पण रस्ता तोच असतो ना.) चारचाकीचा परवानाही होता. कपाटात, घडी न मोडलेला.

आमच्या लेकीला, गौरीला, मंद्रूपच्या शाळेत नोकरी लागली. एसटीनं गेलं की पहिला तास हुकणार, म्हणून सोमवारच्या आत गाडी हवी होती. माझा वळसंगचा मेहुणा शिवानंद विम्याचं काम करतो. तो म्हणाला, "दाजी, पोरगी नवीन हाय. लहान गाडी घ्या. वळवायला सोपी, विमाबी कमी बसतो. आन् विमा फुल काढा."

"लहान गाडी? कुणी टेकून उभं राहिलं तरी दार चेपायचं!"

मी जुनी जीप आणली. लोखंडच लोखंड. एवढ्या लोखंडाला काय होणार? झालं तर समोरच्याचं होणार. म्हणून मी नुसता थर्ड पार्टी विमा काढला. शिवानंद गप्प बसला. त्याला पटलं, असा मी अर्थ घेतला.

शिवाय नियम लिहून डॅशबोर्डवर चिकटवले. वर ठळक अक्षरांत 'चि. गौरीसाठी'. नियम पहिला: शेजारी जाणतं माणूस बसल्याशिवाय गाडी सुरू करू नये. जाणतं माणूस म्हणजे कोण, हे लिहायची गरज मला वाटली नाही.

रविवारी सकाळी दारात पूजा झाली. हळदीकुंकू, नारळ, चार चाकांपुढं चार लिंबं. गौरी किल्ली घेऊन पुढं झाली.

"थांब. शुभकार्याला मोठं माणूस लागतं," मी म्हणालो.

"तिची गाडी हाय, तिला बसू द्या की," बायको म्हणाली.

"पप्पा, हिचा रिव्हर्स कुटं पडतो माहितंय का..."

"मला शिकवतेस?" असं म्हणून मी दणक्यात गिअर टाकला. सगळे पुढं बघत होते. जीप मागं गेली. मागं माझी स्कूटर होती. घाईत ब्रेक म्हणून मी जे दाबलं, तो ब्रेक नव्हता. स्कूटरच्या मागं कंपाउंडची भिंत होती. थोड्या वेळानं तीही नव्हती.

लिंबं मात्र चारही शाबूत!

पेढा हातात धरून उभ्या असलेल्या शिवानंदला मी खाली उतरत म्हणालो, "क्लेम टाक."

"दाजी, थर्ड पार्टीत दुसऱ्याचं नुकसान भरून देत्यात. भिंत कुणाची?"

"आपली."

"स्कूटर?"

"आपली."

"आन् जीप?"

मी जीपकडं वळून बघितलं. मागून चेपून ती जवळजवळ शिवानंदनं सांगितली होती तेवढी लहान झाली होती. उद्या पोरीच्या नोकरीचा पहिला दिवस आणि तिची गाडी बापानं चेपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गौरी आत बसली, जीप अलगद स्कूटरपासून सोडवली आणि चारही लिंबांवरून नेऊन फाटकाशी उभी केली. सोमवारी चेपलेली जीप घेऊन ती मंद्रूपला घंटेच्या आधी पोचली.

आता माझ्याकडे स्कूटर नाही, त्यामुळं कधीमधी जीप मागावी लागते. गौरी देते, पण शेजारी येऊन बसते. नियमांचा कागद अजून डॅशबोर्डवर आहे. त्यातलं 'गौरी' तेवढं खोडून तिनं 'पप्पां' लिहिलंय. 'चि.' तसंच ठेवलंय.