देवळात आलेले पोलिओचे थेंब

आमच्या इंदुरीत पोलिओचा डोस पहिल्यांदा आला तो देवळात. नर्सबाईंना सावली हवी होती आणि बर्फाचा थर्मास ठेवायला गार फरशी. त्यांनी शाळा निवडली असती तर पुढचा घोटाळा टळला असता.

माझा एक पाय लहानपणीच्या तापात गेलेला. आईने तेल चोळलं, गरम वाळूने शेकलं, नवस बोलली. शेवटी पुण्याच्या दवाखान्यातून लोखंडी पट्ट्यांचा बूट आला. बाहेरची बाधा, हे गावाचं निदान. नर्सबाईंनी मात्र सांगितलं, की हा रोग माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोरांच्या तोंडात जातो. आता पहाटे नदीला वरच्या अंगाला कोण कोण बसायचं, ते आम्हाला पाठ! त्यातल्या नेमक्या कुणाच्या कृपेने मी लंगडी झाले असेन, म्हणून मी जमलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं निरखत बसले.

तेवढ्यात माझ्या भाच्याची पाळी आली. तो माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या कडेवर होता. नर्सबाईंनी थेंब सोडायला हात पुढे केला, तशी आईने उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला, थेंब त्यावर झेलले, डोळे मिटून पिऊन टाकले आणि ओला हात पोराच्या डोक्यावरून फिरवला.

"अहो मावशी, तो डोस बाळाचा होता!"

"मंग? देवळात दिल्यालं हातावरच घ्येत्यात की."

मागच्या बायकांनीही तळहात तयार ठेवलेच होते. बाटलीत तळाशी थोडंसंच उरलं होतं, आणि आमचं पोर तोंड घट्ट मिटून बसलेलं. त्याच्या पायात असला बूट मला बघायचा नव्हता. खडखडत पुढे गेले आणि त्याच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. त्याने देऊळ दणाणेल असा आ वासला. नर्सबाईंनी तेवढ्यात काम साधलं आणि, "एका डोसाने भागत नाही, महिन्याभराने पुन्हा आणा," असंही बजावलं.

आई माझ्यावर कडाडली, "काळीज हाय का दगुड? लेकराला रडीवलंस!"

"आई, माझ्या वक्ताला ह्ये औषध न्हवतं," मी म्हणाले.

पोराचे डोळे पदराने पुसता पुसता ती माझ्या बुटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आसतं, तर म्या तुला ह्याच्यापरीस लय जोरात चिमटा काढला आसता."