उंदरांच्या खोलीतली वर्षं

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती आणि अख्खा मजला मला सोडायला खाली आलेला. बाबा डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी त्या दिवशी रजा टाकलेली. ते प्रत्येकाला सांगत होते, "मुलगी कॅन्सरच्या संशोधनाला अमेरिकेला चाललीय." आई शांतपणे म्हणाली, "उंदीर सांभाळायला चाललीय." दोघांचंही खरं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी पंचवीस वर्षांची होते.

तिकडे माझं काम खरोखरच उंदरांच्या खोलीत होतं. बिनकेसांचे, गुलाबी, सुरकुतलेले उंदीर. त्यांच्यात प्रतिकारशक्ती फार कमी असते, म्हणून माणसाची गाठ त्यांच्या अंगात रुजते. ऑपरेशनमध्ये लहान मुलांच्या अंगातून काढलेल्या गाठीचा तुकडा बाटलीतून आमच्याकडे यायचा. त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करून मी उंदरांच्या कातडीखाली ठेवायचे. गाठ वाढली की एकेक औषध देऊन बघायचं आणि मोजत राहायचं. पिंजऱ्यांवर फक्त नंबर. मुलाचं नाव विचारायचं नाही असा नियम होता, आणि खरं सांगायचं तर मला तो सोयीचा वाटायचा.

एका पाच वर्षांच्या मुलीच्या गाठीवर दोन औषधं फुकट गेली. तिसऱ्याने गाठ आकसायला लागली. मी धावत आमच्या प्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "ती मुलगी मागच्या महिन्यात गेली." गाठ उंदरात रुजून वाढायलाच चार महिने लागले होते. "हे पुढच्या मुलांसाठी," ते म्हणाले. मला त्यांचा फार राग आला, पण दुपारी परत मोजायला बसलेच.

काही आठवड्यांनी त्या मुलीची आई दूरच्या गावाहून आली. गाठ वापरायला परवानगी तिनेच दिली होती; आता तिला ते उंदीर बघायचे होते. आत जायला मनाई, म्हणून मी तिला काचेपाशी नेलं.

"तिचे कोणते?"

मी तिसरी फळी दाखवली.

"त्यांना दुखतं का?"

"थोडं दुखत असेल. गाठ फार वाढायच्या आत आम्ही त्यांना मारतो," मी म्हणाले. खोटं बोलणं जमलं नाही.

तिने मान हलवली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि निघून गेली.

हे सगळं मी आईला पत्रात लिहिलं. कौतुकाची नाही, पण धीराच्या दोन शब्दांची अपेक्षा होती. उत्तर आलं: "अगं, ती बाई एवढ्या लांबून आली, तिला चहा तरी विचारलास का?"

विचारला नव्हता. सुचलंच नव्हतं. वर्तकनगरला आमचं दार दिवसभर उघडं असायचं. विरजण मागायला आलेली शेजारीण अर्धा तास बसल्याशिवाय जायची नाही. इथे चार वर्षांत माझ्या भाड्याच्या खोलीचं दार घरमालकाशिवाय कुणी वाजवलं नव्हतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी हॉस्पिटलमार्फत तिला निरोप पाठवला. एका रविवारी ती आली. मी पोहे केले, मिरची न घालता. तिने पर्समधून फोटो काढला: पुढचे दोन दात पडलेली, हसणारी पोर. तिने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यानंतर तो पिंजरा माझ्यासाठी नुसता नंबर राहिला नाही. ते औषध पुढे इतर मुलांना दिलं गेलं. काहींना लागू पडलं, काहींना नाही. हे मी तिला कळवत राहिले आणि ती येत राहिली.

त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी आईला लिहायला बसले. तोवर प्रत्येक पत्रात मी "खोलीवर परत आले", "खोलीत थंडी आहे" असंच लिहीत असे. त्या दिवशी लिहून गेले, "आज आपल्या घरी पाहुणी आली होती."