आत्याच्या रक्तावर बसलेले पैलवान

माझी आत्या वनरक्षक. तिच्या हद्दीत तपकिरी पंखांचं एक दांडगं फुलपाखरू होतं, त्याला ती पैलवान म्हणायची. फुलांकडे ते ढुंकूनही बघत नाही. सडकी फळं, झाडाचा आंबलेला चीक, मेलेलं जनावर, यावर त्याचं पोट. नर उंच शेंडा अडवून बसतो आणि दुसरा नर दिसला की तुटून पडतो, पंखांच्या चिंध्या होईपर्यंत. त्याच्या हिरव्या, शिंगं असलेल्या अळ्या एकाच जातीच्या झाडावर वाढतात. त्या झाडाचं लाकूड टणक, त्यामुळे चोरांचाही डोळा त्याच्यावरच.

एका दुपारी आत्याला कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. तिघं होते. एक तिचा सख्खा दीर. नवरा वारल्यावरही आत्या सासरीच, या दिराच्याच घरात राहायची.

"वहिनी, घरी जा," तो म्हणाला. "तुम्हाला काही दिसलं नाही."

"कुऱ्हाड खाली ठेव."

त्याच्या जोडीदाराने तिला ढकललं. आत्याने काठी अशी हाणली की त्याचं मनगट मोडलेलं ऐकू आलं. मग तिघांनी तिला तुडवलं. शेवटचा तडाखा दिराचा, कुऱ्हाडीच्या दांड्याने, डाव्या डोळ्यावर. मेली समजून ते पळाले.

आत्या चौकीवर परतली नाही म्हणून बाबा शोधायला गेले. आडवं झाड सापडलं, बहीण सापडेना. एका झुडपाआड पैलवानांची झुंबड होती. जनावर मेलं असेल, असं वाटून ते पुढे झाले. फुलपाखरं आत्याच्या गालावरचं रक्त सोंडेने शोषत होती, एकमेकांना पंखांनी रेटत. बाबांनी हाकललं तरी उठेनात. आत्याचा श्वास चालू होता.

डोळा गेला. शुद्धीवर येताच तिने दिराचं नाव सांगितलं.

"घरचं आहे, घरात मिटव," सासूबाई म्हणाल्या.

"मारलं जंगलात, आता मिटेल कोर्टात."

दिराला तुरुंगवास झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात जावेने आत्याच्या कानाखाली जाळ काढला. पुन्हा हात उगारला, तेव्हा आत्याने तो धरला.

"एक खाल्ली, तुझा संसार मोडला म्हणून. दुसरी खाणार नाही."

सासरचं दार आत्याला कायमचं बंद झालं. आता ती वनचौकीमागच्या खोलीत राहते आणि एका डोळ्याने हद्द राखते.