तारेवरची चिंधी

"थांबा. आधी चिंधी फिरू दे."

तलासरीच्या पूर्वेला आमच्या ग्लायडिंग क्लबचा माळ होता. तिथला रविवार या वाक्याने सुरू व्हायचा. वहिनी पदर खोचायच्या, सुती कापडाची चिंधी मुठीत धरायच्या आणि माळावर लांबच लांब पसरलेली पोलादी तार त्या मुठीतून सोडत चालू लागायच्या. तारेचा एखादा पीळ तुटून काट्यासारखा वर आला असेल, तर तो डोळ्याला दिसत नाही. चिंधी मात्र तिथे अडकते. अडकली, की तेवढी तार कापून पुन्हा जोडायची. तोवर उड्डाण बंद, मग समोर कोणीही साहेब असो.

बिनइंजिनाचं विमान तुम्ही जवळून पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. ते पतंगासारखं ओढून वर चढवावं लागतं. माळाच्या एका टोकाला विंच, म्हणजे ट्रकच्या इंजिनावर फिरणारा मोठा रीळ. दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मध्ये ही तार. रीळ गरगरा फिरला की ग्लायडर धावत उचललं जातं आणि पुरेसं वर गेलं की वैमानिक तार सोडून देतो. मी डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. क्लबात माझं काम पंखाचं टोक धरून थोडं धावायचं. शाळेत मात्र मी ऐटीत सांगायचो, की रविवारी विमानं उडवतो.

विंचवर वहिनी. डहाणू रोडला शिवणाचे क्लास घेणारी बाई तिथे कशी पोहोचली, तर त्यांचे यजमान क्लबचे प्रशिक्षक होते. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. सुरुवातीला विंचवर बसायला माणूस मिळेना. भाऊ बायकोला म्हणाले, "शिलाईचं मशीन चालवतेस ना? तसाच पाय हळू दाबायचा." वहिनी बसल्या त्या बसल्याच. त्यांनी ओढलेलं ग्लायडर जमीन कधी सोडायचं, ते आत बसलेल्यालाही कळायचं नाही. चिंध्या अर्थात क्लासातल्याच.

२०१६ च्या उन्हाळ्यात भाऊ गेले, याच माळावर. ग्लायडर नाक वर करून चढत होतं आणि तार तुटली. सावरायला लागते तेवढी उंची अजून मिळाली नव्हती. विंचच्या काचेतून वहिनींनी सगळं पाहिलं. तार जुनी होती, एवढंच चौकशीत निघालं.

दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून झालं, गवताच्या गाठी ट्रकात चढल्या, धावपट्टी मोकळी झाली. क्लबचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. वहिनी आता कुठल्या येतात, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्याच रविवारी त्या हजर. हातात चिंध्यांची पिशवी.

"बसणार कोण दुसरं?" म्हणाल्या.

बाईची हिंमत केवढी, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. माणसं किती मूर्ख असू शकतात पाहा.

थंडीतल्या एका रविवारी परतताना आम्ही चारोटीला चहाला थांबलो. बाकीचे वडे आणायला गेले होते. वहिनी एकदम म्हणाल्या, "मास्तर, आदल्या दिवशी अडकली होती."

"काय?"

"चिंधी. ह्यांना म्हटलं, इथे लागतंय हो. तर म्हणाले, उद्याचा रविवार निघेल. मी पण म्हटलं, निघेल." त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन ग्लास खाली ठेवला. "ओढलं मीच ना."

हायवेवरून अच्छाडकडे ट्रक चालले होते, ते बघत बसलो.

त्यांचा मुलगा केतन, एकुलता एक. वापीला कंपनीत नोकरी. शाळेत माझाच विद्यार्थी. वडिलांनी त्याला ग्लायडर शिकवत आणलं होतं, एकट्याने उडणं तेवढं राहिलं होतं. भाऊ गेल्यावरही त्याने सोडलं नाही. बाहेरगावाहून नवे प्रशिक्षक यायचे, ते फेब्रुवारीत म्हणाले, "आता हा तयार आहे."

त्या रविवारी चिंधी अडकली. कापाकापी आणि जोडाजोडीत दुपार झाली, समुद्राकडचं वारं सुटलं, आवरलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. इतरांना वहिनी निमूट ओढायच्या. केतनची पाळी आली, की "थांबा, आधी चिंधी फिरू दे."

शेजारच्या पाड्यावरचा लखमा सुटलेली तार मोटारसायकलने ओढून परत आणायचा. आम्हा शहाण्यांना जे विचारायचा धीर नव्हता, ते त्याने विचारलं. "बाय, तुजी चिंधी पोराच्याच नंबरला कशी अडकते गो?"

"अडकते तर अडकते. मी काय करू?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. केतन तेवढा हसला नाही.

अखेर सभासदांनी वर्गणी काढून नवी कोरी तार आणली. एप्रिलची सकाळ, आभाळ स्वच्छ, माळावर घारी गोल गोल चढत होत्या. केतन पट्टे आवळून आत बसला. मी पंखापाशी. पलीकडच्या टोकापासून वहिनी चिंधी फिरवत निघाल्या. इतक्या सावकाश मी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं. तार संपत आली, ग्लायडर हातभर अंतरावर राहिलं, आणि त्या थांबल्या.

"अडकली."

प्रशिक्षकांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "वहिनी, तार नवी आहे."

"अडकली म्हणते ना!"

केतनने काच उघडली, पट्टे सोडले, खाली उतरला. आईच्या हातातून चिंधी घेतली आणि त्याच जागी तारेवरून फिरवली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी अगदी जवळ होतो. तार तेलाने चमकत होती आणि चिंधी तिच्यावरून सरसर घसरत होती. तो सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हो आई. अडकते इथे."

मग चिंधीची घडी करून त्याने आईच्या हातात दिली आणि ग्लायडरची काच बाहेरूनच लावून टाकली.

तो पुन्हा कधी ग्लायडरमध्ये बसला नाही. वहिनी पुन्हा माळावर आल्या नाहीत. वर्गणी देणारे सभासद चिडले, प्रशिक्षक यायचे बंद झाले. पुढच्या दिवाळीला गवत कापलं गेलं ते फक्त विकण्यासाठी. क्लब तिथेच संपला. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, आणि त्या दोघांपैकी एकालाही दोष द्यावासा वाटत नाही.

वहिनी नंतर एकदा डहाणू रोडच्या बाजारात भेटल्या. खूप वाळल्या होत्या. "मास्तर, केतन चिडलाय का हो माझ्यावर?"

"नाही हो."

"चिडू दे. माणूस आहे तोवर चिडतं."

२०१९ मध्ये त्या गेल्या. नंतर केतनचा फोन आला, "सर, विंच आणि तार भंगारात काढतोय. येता?" मी गेलो. गवतात रुतलेली तार आम्ही दोघांनी उपसून काढली. दोन-तीन पावसाळे खाऊन ती गंजाने फुगली होती. भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता. केतनने खिशातून चिंधी काढली, आईच्या पिशवीतली, आणि तारेवर ठेवली.

ती लगेच अडकली. सोडवून पुढे नेली, पुन्हा अडकली.

"बघा सर," तो म्हणाला, "अडकते."

"हो रे," मी म्हटलं.

तो तसाच, सोडवत, ओढत, माळाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला. चिंधीच्या चिंध्या होत होत्या, तरी थांबला नाही.