यमुना पोचली का?

कर्जत-खालापूरच्या समस्त जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या मानसिक आरोग्य विभागाचं एकही काम बाकी नाही. पुरावा माझ्या हातात होता. सोमवारची मीटिंग, समोर डॉक्टरसाहेब, आणि मी, विभागाची समाजसेविका, नाटकातल्या राणीसारखी रजिस्टर मिरवत उभी. प्रत्येक रेफरलपुढे लाल शाईत शेरा: 'पाठवले'.

रेफरल म्हणजे गावातल्या उपकेंद्राने पेशंटला चिठ्ठी देऊन आमच्याकडे धाडणं. माणूस जीव देण्याचं बोलत असेल, तर चिठ्ठीवर 'अर्जंट' लिहितात.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कशेळ्याकडच्या आशा सेविका सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, माझी यमुना आली व्हती ना गुरुवारी?" (यमुनाचं नाव मी बदललंय.)

"आली असणार. 'पाठवले' आहे ना."

"पाठवली तर मीच. आली का?"

मी ओपीडीचं रजिस्टर उघडलं. गुरुवारी नाव नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. राणीचा मुकुट घसरला. सुमनताईंनी यमुनाला सरळ विचारलं होतं, "मरायचे इचार येतात का गं?" ती हो म्हणाली होती. (असं विचारल्याने भलतं डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.) त्याला आता चार दिवस झाले होते.

"मला वाटलं तुमी ठेवून घेतलीत तिला," सुमनताई म्हणाल्या. आम्हाला तर काही वाटलंच नव्हतं.

त्यांनी तिथूनच यमुनाच्या नणंदेला स्पीकरवर फोन लावला. "घरात हाय का ती? नाय, आधी बघ, मग सांग."

"हाय. भाकऱ्या थापतेय."

साहेब खुर्चीत बसले. ते कधी उभे राहिले होते, त्यांनाही माहीत नसावं.

मग यमुना स्वतः फोनवर आली. ती गुरुवारी कर्जतला आली होती. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, मानसिकचे डॉक्टर बुधवारी. ती परत गेली. "चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवलीय," ती म्हणाली, "नीट हाय." चिठ्ठीची आम्हाला काळजी नव्हती.

"तिला आजच आणा, मी थांबतो," साहेब म्हणाले. मग सवयीने पुढे म्हणाले, "आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवू."

फॉर्मात आधीच अकरा रकाने होते. सुमनताईंनी हात जोडले.

"साहेब, कशेळ्याहून जीपमधे कोंबडा ठेवला तरी आमी कर्जतला फोन करतो. अमक्याच्या जीपमधे हाय, उतरवून घे. पोचला की उलटा फोन येतो. नाय आला तर जीपवाल्याचं काय खरं नाय. आन माणसाला नुसती चिठ्ठी?"

साहेबांनी फॉर्म मिटला. "कोंबड्याची पद्धत लिहून घ्या, मॅडम."

लिहून कसली घेते, तिथेच सुरू केली. यमुनाला म्हटलं, खिडकीवर जाऊ नको, जांभळ्या साडीत मी दारातच उभी आहे. नणंदेला सोबत बसवलं. सुमनताईंनी जीपवाल्याला एवढंच सांगितलं, "आपल्या बाया हायत रं, दवाखान्याच्या दारात सोड." जीप सुटली, फोन. वाटेतलं कडाव आलं, फोन. मध्येच साहेबांनी मला दोनदा विचारलं, "पोचली का?"

पोचली. साहेब तासभर तिच्याशी बोलले. पुढची तारीख तिच्या हातात पडली आणि सुमनताईंच्या वहीतही. आता ती नेमाने येते, बरी आहे, आणि माझ्या साड्यांना नावं ठेवते. 'अर्जंट' पेशंट आता बुधवारची वाट बघत नाही. चिठ्ठी लिहिताना पेशंट समोर असतानाच आम्हाला फोन येतो. ठरल्या वेळी कोणी आलं नाही, तर आम्ही उलटा फोन करतो. 'पाठवले' लिहून नोंद बंद करता येत नाही, 'पोचले' लागतं. पाठवणाऱ्याचं काम पोचल्याच्या फोनपर्यंत संपत नाही, हे कोंबड्यांच्या बाबतीत तालुक्याला आधीपासून ठाऊक होतं. आम्हाला तेवढं एका मीटिंगमध्ये कळलं.

त्या दुपारी जीप दारात थांबली, तेव्हा यमुनाच्या हातातला नणंदेचा फोन पुन्हा वाजत होता. तिने माझ्या जांभळ्या साडीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि पायरीवरूनच म्हणाली, "बाई, लगीन होऊन सासरी आले तवा पण कोणी इचारलं नव्हतं, पोचलीस का म्हणून."