शेवटच्या ओळीतलं आडनाव

सुजाता शेवटच्या ओळीपाशी येऊन पुन्हा थांबली. काचेपलीकडून तिने हातानेच खूण केली, नको. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

पुसदला माझा छोटा स्टुडिओ आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीचे दिवस आमचे सगळ्यात गर्दीचे. गावोगावच्या गायन पार्ट्या नवीन गाणी घेऊन येतात. माझं काम यादीवर चालतं. आधी ढोलक, मग कीबोर्ड, मग मुख्य गायिका, शेवटी कोरस. सुजाताचे सगळे अंतरे न अडखळता झाले होते. अडलं ते एका नावावर.

या गाण्यांत एक रीत आहे. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफलेलं असतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. ती गाण्यातली सही. कुणाचं गाणं चोरायचं तर चोर आधी तेवढी ओळ बदलतो.

सुजाता महागावकडची. लग्नाआधीपासून लिहिते, गाते. तिची ओळ होती, 'दिवा ठेवा हा जागत, सांगे सुजाता भगत.' गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न राहुल खोब्रागडेशी झालं. राहुल कीबोर्ड वाजवतो. या गाण्याची चाल त्याचीच. आणि त्याचे वडील, म्हणजे पार्टीचे प्रमुख, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"मॅडम, सून आमची, पार्टी आमची, चाल माह्या पोराची," ते म्हणाले. "मंग गाण्यात भगत काहून?"

मला वाटलं, खोब्रागडे हे लांबलचक आडनाव चालीत बसत नसेल, म्हणून पोरगी अडली. मी तिला तसं विचारलं. ती हसली आणि उभ्या उभ्या गाऊन दाखवलं, 'लावा दिवे चोहीकडे, सांगे सुजाता खोब्रागडे.' चपखल बसलं. सासरे खूश झाले. मी मात्र बुचकळ्यात. बसतंय, तर मग अडतंय कुठे?

मी चहा सांगितला आणि तिला बाजूला घेऊन विचारलं.

"आधार कार्डावर मी खोब्रागडे झाली, मले काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "पण हे गाताना असं वाटते, का मी कोणाचं तरी दुसऱ्याचं गाणं गाऊन राह्यली." मग तिनेच पुढे म्हटलं, की मामाजींचंही, म्हणजे सासऱ्यांचंही, एक खरं आहे. चाल राहुलची आणि त्याचं नाव गाण्यात कुठेच नाही.

राहुल वायर गुंडाळत होता. "व्हिडिओखाली येते न माह्यं नाव."

"व्हिडिओखालचं कोण वाचते?" सुजाता म्हणाली.

मी सुचवलं, दोन्ही ओळी घेऊ, नंतर ठरवू. आमच्याकडे याला पंच करणं म्हणतात. आख्खं गाणं पुन्हा न गाता तेवढाच तुकडा नव्याने गाऊन जुन्यात बसवायचा. सुजाताने दोन्ही गायल्या. सासऱ्यांनी खोब्रागडेवर बोट ठेवलं. तिने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही.

आता कोरस. कोरसने तीच ओळ उचलून परत म्हणायची असते. पुढे उभ्या होत्या वत्सलाबाई, सुजाताच्या सासू. हेडफोनमध्ये सुजाताचा आवाज आला, खोब्रागडे. वत्सलाबाईंनी खणखणीत आवाजात उचललं, भगत. पुन्हा घेतलं. पुन्हा भगत. मागच्या दोघी पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

माझ्या टेबलावर टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबून बोललं की आतल्यांना ऐकू जातं. सासऱ्यांनी ते दाबलं. "अवं, आपलं आडनाव विसरली काय?"

वत्सलाबाईंनी हेडफोन काढला. लग्नाआधीपासून पोरीची गाणी ऐकते आहे, तोंडात तेच बसलं, असं त्या म्हणाल्या. तिथेच थांबतील असं वाटलं.

"अन् तुमचं आडनाव मले चांगलं पाठ हाय. ते लावून इतके वर्षं तुमच्या पार्टीत कोरस गायली. माह्यं नाव कोण्या ओळीत आलं, सांगा."

सासऱ्यांनी बटणावरचा अंगठा काढला.

सुजाता आतच होती. ती थोडा वेळ गुणगुणली आणि मला म्हणाली, "मॅडम, एक टेक घ्या बरं."

'राहुलच्या चालीसंगत, सांगे सुजाता भगत.'

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते काचेकडे पाहत होते. "पुन्हा लावा," म्हणाले. मी लावलं. "चाल आली न ओळीत," ते शेवटी म्हणाले. "ठेवा मंग."

कोरसचा पहिलाच टेक ओके झाला.

व्हिडिओखालची नावं मी तिथेच लिहून घेतली. गीत आणि गायन, सुजाता भगत. संगीत, राहुल खोब्रागडे. कोरसमधल्या कुणाचं नाव सहसा येत नाही. या वेळी मी वत्सलाबाईंना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सुजातापेक्षा जास्त वेळ विचार केला.

"नुसतं वत्सला लिहा. आडनावाचं मी मंग सांगीन."

तेव्हापासून माझ्या यादीत माइक तपासण्याच्या आधी एक काम वाढलं आहे. गाण्यात कोणतं नाव घ्यायचं ते गाणाऱ्यालाच विचारायचं, घरच्यांना बाहेर चहाला बसवून. गाणं जयंतीला गाजलं. सासरे ते स्वतः गातात, भगतसकट. वत्सलाबाईंनी अजून काही कळवलेलं नाही. त्यांच्या नावापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.