होडीचं तेल प्यालेली गाडी

जुलियाना चिडली की पाचूबंदरची कुत्रीसुद्दा वाट सोडायची. आनि का चिडू नये तिनं? नवरा गेला, मागं एक छोटा ट्रक ठेवून गेला, लढाईतला जुना, चेपलेला. धक्क्यावरची मासळी स्टेशनावर पोचवायची, त्यावर घर चालायचं. बाई गाडी चालवते म्हनून गावानं तोंडात बोटं घातली, ती काय काढलीच नाय. पन क्लच असा कडक, की दाबायला रेड्याचा पाय पायजे. त्यात धक्क्यावर घसरून तिचा डावा गुडघा कामातून गेला.

दीर फर्डिनंड तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. तो वाटच बघत व्हता. "वयनी, बायकांचं काम हाय का ते? इकून टाक. होडीला नवी जाळी येतील."

"माझ्या नवऱ्याची गाडी नि तुझी जाळी? आधी मला मातीत घाल!"

तशीच लंगडत गेली ॲन्सेल्म मेस्त्रीकडं. त्यानं मोडीत गेलेल्या दुसऱ्या गाडीचा तेलाचा क्लच आनला. म्हंजे कसं, पायानं तेल दाबायचं, तेल नळीतनं जाऊन क्लच ढकलतं, गुडघ्याला ताप नाय. लोखंड कापलं, भोकं पाडली, बसवला. पायडल लोन्यासारखं! जाताना मेस्त्रीनं बजावलं, "ह्या डब्यातलंच तेल घाला. दुसरं घातलं तर आतलं रबर फुगून खलास."

आता आपल्याकडं नवी होडी मुशीचं, म्हंजे शार्क माशाचं, तेल लाकडाला पाजल्याबिगर कोन पान्यात लोटतं? रविवारी जुलियाना चर्चात मिसाला गेली, तवर फर्डिनंडनं क्लचातलं तेल हुंगलं. "हे पान्यासारखं! ह्यात कस कुठं हाय?" ते काढून ओतलं नि भरलं होडीचं तेल. वाईट मनानं नाय हां, शानपनानं. पन शानपनाचाच राग जास्त येतो.

थोडे दिस चाललं. मग एका सकाळी मासळीच्या पाट्या भरल्या, मुंबईची आगगाडी गाठायची, नि पायडल गेलं खाली ते खालीच बसलं. गाडीच्या पोटातनं तेल ठिबकायला लागलं. वास मुशीचा!

"फर्डिनंड! काय घातलंस रे मेल्या?"

"लाकूड पितं, मग लोखंडानं का पिऊ नये?"

मासळीवाली क्लेमेंटीन खदखदली. "अगो जुलियाना, गाडी व्हती ती, ह्यानं तिची मुशी केली!"

सगळा धक्का हसला. फर्डिनंड म्हनतो कसा, "मी सांगतच व्हतो, इक म्हनून. आता ही मासळी सडनार."

तिथं तिचं डोकं फिरलं. बंद गाडी पहिल्या गियरात टाकली नि तशीच सुरू केली. क्लच नाय, काय नाय! गाडीनं रेड्यासारखा हिसका मारला. पुढं उभा फर्डिनंड, त्यानं चिखलात उडी घेतली.

"मर तिथंच!"

इंजिनाचा आवाज ऐकत, दात खात गियर बदलले. मधी थांबायची सोय नाय, म्हनून बैलगाडीवाल्यांना शिव्या घालत गेली. मासळी आगगाडीत चढली तवाच तिनं घाम पुसला.

परत आली ती सरळ दिराच्या दारात. तिथं इंजिन बंद केलं. "निघ भायेर. मेस्त्रीला बोलाव नि झोप गाडीखाली."

मेस्त्रीनं नवं रबर आनलं. फर्डिनंडनं गाडीखाली पडून एकेक नळी स्पिरिटनं धुतली, मांजरं त्याच्याभवती घुटमळत व्हती.

"वयनी, आता तरी राग सोड."

"तू नळी धू."

पायडल परत लोन्यासारखं झालं. गाडी इकायचं नाव त्यानं पुन्ना काढलं नाय. तेलाचा डबा मातर जुलियाना मिसाला जातानासुद्दा काखेत मारून न्यायची.